मागावं लागू नये म्हणून

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



'क्वेकर पंथ आणि मासिक पाळी' असा विषय पत्रिकेवर छापला गेल्यावर एका मैत्रिणीनं मला फोन करून विचारलं, "अगं, क्वेकर म्हणजे ते ओट्सच्या डब्यावरचे ना?" डब्यावरच्या म्हाताऱ्याचा वेश क्वेकरांचा आहे खरा, पण त्या कंपनीचा आणि या पंथाचा काडीचाही संबंध नाही. तेव्हा ओट्स बाजूला ठेवू.

समाजकार्याचं शिक्षण मी इथंच घेतलं, काही वर्षं इथल्या वस्त्यांमध्ये काम केलं आणि मग उत्तर इंग्लंडमध्ये गेले. तिथं अडचणीतल्या कुटुंबांबरोबर काम करताना क्वेकरांच्या सभेला जायला लागले. मी त्यांची सभासद नाही. सभासद न होता नेमानं येणाऱ्याला ते 'अटेंडर' म्हणतात, मी त्यातली. धर्मांतराचा प्रश्न कुणी विचारायच्या आत हे सांगून टाकलेलं बरं.

ही मंडळी स्वतःला 'फ्रेंड्स' म्हणवतात, म्हणजे मित्र. 'क्वेकर' म्हणजे थरथरणारे, हे नाव लोकांनी चिडवायला ठेवलं आणि पुढे तेच चिकटलं. सतराव्या शतकाच्या मध्यावर, १६५०च्या आसपास, जॉर्ज फॉक्स नावाचा तरुण उत्तर इंग्लंडमध्ये गावोगाव फिरून सांगू लागला की देवापर्यंत पोचायला मधे पुरोहित लागत नाही, प्रत्येक माणसाच्या आत ईश्वराचा उजेड आहे. आपल्याला यात नवं काही वाटणार नाही. संतांनी हे त्याच्या कितीतरी आधी सांगितलं होतं. फॉक्सच्या लोकांचं वेगळेपण असं की हा उजेड बाईच्याही आत आहे हे मानल्यावर तिला सभेत बोलू द्यावं लागेल, हेही त्यांनी मानलं. मार्गारेट फेल ही त्यातली मोठी बाई. सभा भरायच्या तिच्याच घरी. शपथ घ्यायला नकार दिला आणि घरात सभा भरवल्या म्हणून १६६४ साली तिला लँकेस्टरच्या तुरुंगात टाकलं, ती चार वर्षांनी सुटली. तुरुंगातूनच १६६६ साली तिनं एक पुस्तिका काढली. धर्मसभेत बाईनं बोलणं कसं योग्य आहे, याची बायबलचे दाखले देऊन केलेली मांडणी तिच्यात आहे.

मला सगळ्यात आवडतं ते त्यांचं 'तू'. तेव्हाच्या इंग्रजीत मोठ्या माणसाला आदरार्थी बोलायची रीत होती, आपल्या 'अहो'सारखी. क्वेकरांनी ती सोडली. न्यायाधीश असो नाहीतर उमराव, सगळ्यांना एकच 'तू'. शिवाय समोर कुणीही आलं तरी डोक्यावरची टोपी काढायची नाही. यापायी त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. आपल्याकडे नवरा बायकोला 'अगं' म्हणतो आणि बायको नवऱ्याला 'अहो', यावर सत्तरीच्या दशकापासून आपण किती शिबिरांत बोललो असू! तीनशे वर्षांपूर्वी कुणी याच एका शब्दापायी तुरुंगात गेलं होतं, हे वाचून मला फार बरं वाटलं.

पण त्यांना डोक्यावर घेऊ नका. पहिली शंभर वर्षं अमेरिकेतल्या कित्येक क्वेकरांच्या घरी गुलाम होते. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनं गुलाम बाळगणाऱ्याला सभासद राहता येणार नाही असं ठरवलं ते १७७६ साली. तोवर आतला उजेड माणसाचा रंग बघून दिसत होता म्हणायचा.

आता पाळीकडे येते. इंग्लंडमधल्या क्वेकरांची सभा तासभराची. खुर्च्या गोल मांडलेल्या, मधे एक टेबल, त्यावर फुलं. मूर्ती नाही, वेदी नाही, क्रूसही नाही. सगळे गप्प बसतात. ज्याला आतून बोलावंसं वाटेल तो उठतो, बोलतो आणि खाली बसतो. त्याला कुणी उत्तर देत नाही. पुन्हा शांतता. शेवटी शेजारच्याशी हस्तांदोलन करायचं की सभा संपली. पहिल्याच दिवशी माझ्या मनात आलं, इथं गाभारा नाही. सोवळं नाही, प्रसाद नाही, शिवायचं किंवा शिवायचं नाही असं काहीच नाही. मग पाळी आलेल्या बाईला कुठून बाहेर ठेवणार? आमच्याकडे आजी होती तोवर आई चार दिवस बाजूला बसायची. पाण्याच्या माठाला हात लावायची नाही, लोणच्याच्या बरणीकडे तर बघायचीसुद्धा नाही. त्या रविवारी मला पाळी आलेली होती आणि मी देवाच्या दारात अगदी मधोमध बसले होते. आपल्या सोयराबाईंनी चौदाव्या शतकात अभंगातून विटाळाबद्दल जो सवाल केला होता, तो तिथं कुणाला पडायचं कारणच नव्हतं.

मला वाटलं होतं, विटाळ गेला की प्रश्नाचा मोठा भाग गेला. प्रत्यक्षात तसं नव्हतं.

२०१७ साली लीड्स शहरातली एक गोष्ट ब्रिटनभर गाजली. 'फ्रीडम फॉर गर्ल्स' ही तिथली संस्था. क्वेकरांची नव्हे, पण आपल्या विषयाशी तिचा फार जवळचा संबंध आहे. ती केनियातल्या मुलींसाठी पॅड पाठवायची. तिला लीड्समधल्याच एका शाळेकडून विचारणा आली की, आमच्या काही मुली दर महिन्याला शाळा बुडवतात, पैशाअभावी त्यांच्याकडे पॅड नसावेत असं वाटतं, काही मदत कराल का? चौकशी केली तर मुली टॉयलेट पेपरच्या घड्या चड्डीला चिकटवत होत्या, कुणी पायमोजे वापरत होत्या. त्याच वर्षी 'प्लॅन इंटरनॅशनल यूके'ची पाहणी आली. चौदा ते एकवीस वयाच्या मुलींपैकी दहातल्या एकीला पॅड परवडत नव्हते. जगातल्या श्रीमंत देशांपैकी एका देशातली ही गोष्ट. तिकडे याला 'पीरियड पॉव्हर्टी' म्हणतात. मी आपली 'पाळीची तंगी' म्हणते. या मुलींना कुणी विटाळ शिकवला नव्हता, देवघरातून उठवलं नव्हतं, तरी त्या आईजवळसुद्धा बोलत नव्हत्या. कारण आईकडे पैसे नाहीत हे त्यांना ठाऊक होतं.

आमच्या सभागृहाच्या तळमजल्यावर आठवड्यातून एकदा गरजूंना शिधा वाटतात. मी ज्या कुटुंबांबरोबर काम करायचे त्यांना तिथं पाठवायचे. चिठ्ठी लिहून द्यायची, ती दाखवली की पिशवी मिळते. डबाबंद कडधान्य, शेवया, चहा, साखर, असं. एका बाईनं मला सांगितलं, "पॅड आहेत का एवढंच विचारायला मी तीनदा गेले आणि तिन्ही वेळा टेबलापलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते. फार प्रेमळ. म्हणूनच विचारवलं नाही." तिला दोन मुली. म्हणजे घरात तिघींची पाळी.

मी हा विषय क्वेकरांच्या कामकाजाच्या सभेत मांडला. तिथं मतदान नसतं. सगळे बोलतात, मधून मधून गप्प बसतात, आणि सभेचा कल जमला आहे असं वाटलं की सभा चालवणारी व्यक्ती तिथल्या तिथं ठराव लिहून वाचून दाखवते. एकालाही तो मनापासून पटला नसेल तर पुढच्या महिन्यावर जातो. आपल्या बैठका लांबतात अशी तक्रार कुणी करत असेल तर तिला एकदा तिथं न्यावं. स्वच्छतागृहात पॅडची टोपली ठेवायची की नाही, याला दोन महिने लागले.

पहिल्या महिन्यात खजिनदारांनी रास्त शंका काढली: एकीनंच सगळे उचलून नेले तर? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ऐंशीच्या पुढची एक बाई उठली. म्हणाली, "नेले तर तिला तेवढे लागत असतील," आणि खाली बसली. दुसऱ्या महिन्यात तीच पुन्हा बोलली. युद्धाच्या काळात लहानपणी घरात जुन्या चादरी फाडून घड्या करायचे, त्या रात्री धुवायच्या आणि वडिलांना दिसणार नाहीत अशा वाळत घालायच्या, हे तिनं सांगितलं. आपल्या आयाबायांनी साडीआड फडकी वाळवली, तशीच ही यॉर्कशरमधली बाई पलंगपोसाआड वाळवत होती. आयुष्यभर सभेला येत होती, पण हे कधी बोलली नव्हती. मग एक विधुर गृहस्थ उठले. बायको गेल्यावर दोन मुलींना त्यांनी एकट्यानं वाढवलं होतं. म्हणाले, टोपली पुरुषांच्या स्वच्छतागृहातही ठेवा, मला तेव्हा हवी होती.

ठराव असा झाला की टोपली सगळ्या स्वच्छतागृहांत राहील, नोंदवही असणार नाही, 'कार्यालयात चौकशी करा' अशी पाटी असणार नाही. हवे तेवढे घ्या, एवढंच लिहायचं. पहिल्या महिन्यात टोपली दोनदा पार रिकामी झाली. भरली. पुढे खप आपोआप बेताचा झाला. ज्यांच्या घरी काहीच साठा नव्हता त्यांनी आधी चार घरात ठेवले असणार, दुसरं काय?

मला जे सांगायचं आहे ते या टोपलीत आहे. तंगी म्हणजे नुसते पैसे नसणं नव्हे. दर महिन्याला कुणापुढे तरी तोंड उघडावं लागणं, हा तिचा खरा जाच आहे. पाळी विटाळाची मानणाऱ्या समाजात हे तोंड उघडणं जास्त जड जातं, न मानणाऱ्या समाजातही ते सोपं नसतं. म्हणून वस्तू देणाऱ्यानं पहिल्यांदा बघायला हवं की ती मागावी लागते का. स्कॉटलंडनं हे कायद्यात आणलं. २०२०च्या नोव्हेंबरात तिथल्या संसदेनं एकमतानं कायदा केला आणि ऑगस्ट २०२२ पासून तो लागू आहे. शिक्षणसंस्थांत आणि स्थानिक प्रशासनाच्या ठिकाणी, ज्या कुणाला लागेल तिला फुकट. गरीब असल्याचा दाखला नको. ते सहज आणि मान राखून मिळालं पाहिजे, असं कायद्यातच आहे. मोनिका लेनन या आमदार बाईंनी तो रेटून नेला.

आमच्या सभेला दोन केनियन परिचारिका येतात. पहिल्या दिवशी त्यांतली एक माझ्या कानात म्हणाली, "कुणी वारलं आहे का? सगळे असे गप्प का?" जगात सर्वांत जास्त क्वेकर आहेत ते केनियात. १९०२ साली तीन अमेरिकन मिशनरी पश्चिम केनियात कैमोसीला आले, तिथून हा पंथ पसरला. त्यांच्याकडे पाद्री असतो, प्रवचन असतं, ढोल वाजतात, गाणी होतात, सभा दोन-तीन तास चालते. नाव एक आणि रीत अगदी उलटी. बायकांच्या संघटना जोरकस, पण घरात बापाचा शब्द शेवटचा. समलिंगी विवाहाला इंग्लंडच्या क्वेकरांनी २००९ साली मान्यता दिली. ते या दोघींच्या गावच्या मंडळींना मुळीच पटत नाही. त्या दोघी आमच्यात बसून हे सांगतातही आणि मग सगळ्यांसाठी चहा करायला उठतात.

या दोघींनीच मला एक गोष्ट शिकवली. लीड्सहून केनियात खोकी जातात हे मी कौतुकानं सांगत होते. त्यांतली थोरली म्हणाली, "खोकी येतात. त्याबरोबर कॅमेराही येतो. माझ्या भाचीचा पॅडचं पाकीट हातात धरलेला फोटो कुठल्या कुठल्या देशांत फिरला असेल देव जाणे. ती आता कॉलेजात आहे. तिला तो आवडत नाही." शिवाय केनिया काही हात पसरून बसलेला नव्हता, हेही तिनं ऐकवलं. सॅनिटरी पॅडवरचा विक्रीकर त्यांनी २००४ सालीच काढला. ब्रिटनला तो काढायला २०२१ उजाडलं, भारतात जुलै २०१७ मध्ये बारा टक्के जीएसटी लागला आणि वर्षभर बायकांनी आरडाओरडा केल्यावर जुलै २०१८ मध्ये उठला. शाळकरी मुलींना सरकारनं मोफत पॅड द्यावेत असा कायदा केनियानं २०१७ साली केला. पॅड सगळ्या शाळांत वेळेवर पोचतात असं नाही. पश्चिम केनियातल्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पंधरा वर्षांच्या मुलींपैकी दहातल्या एकीनं पॅडच्या पैशासाठी शरीरसंबंध ठेवल्याचं सांगितलं होतं. हे वाचल्यावर काही बोलण्यासारखं उरत नाही. तरी तिथल्या बायका बोलतात. २०२३च्या फेब्रुवारीत ग्लोरिया ओरवोबा या सिनेटर पांढऱ्या पँटवर लाल डाग घेऊन संसदेत गेल्या. त्यांना बाहेर जायला सांगितलं. त्या उठून एका शाळेत गेल्या आणि मुलींना पॅड वाटले.

आपल्याकडेही क्वेकर फार पूर्वी आले. रेचेल मेटकाफ ही बाई १८६६ साली इंग्लंडहून आली, पुढे होशंगाबाद भागात त्यांचं काम उभं राहिलं. तिथलं रसूलिया केंद्र आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना माहीत असेल. १९७२ साली शाळांतून विज्ञान शिकवण्याचा जो मोठा प्रयोग झाला, त्यात किशोर भारतीबरोबर रसूलिया होतं. मार्जोरी साइक्स तर आपल्या वर्ध्याच्याच म्हणायच्या. सेवाग्रामला त्यांनी नयी तालीमचं काम वर्षानुवर्षं केलं आणि भारताचं नागरिकत्व घेतलं. बाहेरून आलेल्यानं काम करावं तर असं, तिथं राहून आणि तिथली भाषा शिकून, असं मला वाटतं. खोकी पाठवणं त्यामानानं सोपं.

आता आपल्याबद्दल. रागावू नका, पण बोलते. २८ मे आला की आपल्या गावोगावच्या कार्यक्रमांत मंचावर मुलींना ओळीनं उभं करून पाकिटं देतात, पाहुणे मधे, मुली खाली मान घालून. आपल्यातले काही गटही हे करतात. देणगीदाराला फोटो लागतो, हे मला कळतं, मीही अहवाल लिहिलेले आहेत. पण केनियातल्या त्या भाचीची मान आणि आपल्या आठवीतल्या मुलीची मान सारखीच खाली असते. फोटोत खोकी दाखवा, भरलेलं कपाट दाखवा, मुलगी कशाला?

दुसरं म्हणजे कापडाला नावं ठेवणं थांबवू या. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते चोवीस वयाच्या जवळजवळ निम्म्या मुली कापड वापरत होत्या. कापड वाईट नाही. ते धुवायला पाणी, बदलायला आडोसा आणि वाळवायला ऊन नसणं वाईट. पॅड वाटले की प्रश्न मिटला असं मानणाऱ्यांनी वापरलेले पॅड जातात कुठं हेही बघावं. पुण्यात 'स्वच्छ'च्या कचरावेचक बायकांना ते हातानं वेगळे करावे लागत. २०१३ साली त्यांनी वापरलेले पॅड गोळा करून बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवले होते. एका बाईची सोय आणि दुसरीच्या हाताला घाण, याला समता कशी म्हणणार?

आणि जिथं टोपली ठेवायला भिंतच नाही तिथं काय? ऊसतोडीच्या फडावर बायको आणि नवरा मिळून एक 'कोयता'. उचल आधीच घेतलेली. पाळीत दुखतंय म्हणून दिवस मोडला की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. पालाजवळ न्हाणी नाही, संडास नाही, पाणी लांब. या जाचातून सुटायला किती जणींनी गर्भपिशवीच काढून टाकली! २०१९ साली बीड जिल्ह्यात सरकारी समितीनं ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पोटात काहीतरी भयंकर आहे अशी भीती घालणारे डॉक्टर आणि पैसे कापणारा मुकादम, दोघांचाही यात हात. तिथं एक रुपयाचा पॅड नेऊन द्यायचा म्हणजे क्रूर थट्टा आहे. तिथं मागणी मजुरीची, खाडा बंद करण्याची, पाण्याची आणि पालावरच्या संडासाची. ती मागताना मात्र गप्प बसून चालणार नाही. शांततेवर माझं प्रेम आहे, पण ते रविवारच्या एका तासापुरतं.

माझी एक विनंती आहे. प्रत्येक गटानं आपल्या तालुक्यातली तीन ठिकाणं निवडावीत: एसटी स्टँड, तहसील कचेरी आणि ग्रामीण रुग्णालय. तिथल्या बायकांच्या स्वच्छतागृहात जाऊन यायचं. कडी लागते का, नळाला पाणी येतं का, झाकणाची कचरापेटी आहे का, पॅड ठेवले असतील तर ते कुणाला विचारून घ्यावे लागतात आणि तो बसतो कुठं, एवढंच लिहून पाठवायचं. पुढच्या अंकाच्या आधी पोचलं तर संपादक मंडळ ते छापायला तयार आहे, मी विचारून ठेवलं आहे.

जेवणानंतरच्या सत्रात ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणी बोलणार आहेत. त्यांच्या वेळेतला मी आधीच थोडा खाल्ला आहे, तेव्हा इथं थांबते.